डॉटच्या उजवीकडे

रामबागेत, खंडागळ्यांच्या झेरॉक्सवरच्या खोलीत
आम्ही पाचजण, एक पंखा
आणि अर्जाचा मसुदा, पान एकशे बारा.

मृदुला म्हणते, डॉटच्या उजवीकडे इंदूर.
चौकसे म्हणतो, इंदौर.
पालिकेचं नाहरकतपत्र हवं ना?
मग पालिकेच्या पाटीवर आहे तेच लिहा.

भांडण एवढंच:
द-ला खालून ऊकार,
की पुढे काना आणि डोक्यावर दोन मात्रा.

फी दोन कोटींच्या घरात.
वर्गणीचे जमलेत सत्तेचाळीस हजार,
त्यातले नऊशे आजच्या कचोऱ्यांत गेले.
मागची फेरी उघडली तेव्हा मी बत्तीसचा होतो,
‘पुढच्या वेळी बघू’ म्हणालो होतो.
पुढची वेळ यायला चौदा वर्षं लागली.
या खेपेला ते वाक्य
कुणीच उच्चारत नाही.

रकाना अठरा विचारतो: हे नाव कोणाचं?
कर्सर लुकलुकतो.
आई पाकिटावर इंदूर लिहायची,
पोस्टमन इंदौर वाचायचा,
पत्र पोचायचं.
एकदा तर नुसतं ‘जेल रोड, दामल्यांकडे’
एवढ्यावरही पोचलं होतं.

सर्व्हर पोस्टमन नाही.
त्याला एक अक्षर इकडचं तिकडे चालत नाही.

साडेदहा वाजता खाली शटर ओढल्याचा आवाज.
फाइल सेव्ह करायची, तिला नाव हवं.
मी मात्राही देत नाही, ऊकारही देत नाही.
टाइप करतो: इंदर.

चौकसे वाकून बघतो.
‘अरे, ये तो हमारे फूफाजी हैं!’

सगळ्यात आधी मृदुला हसते.
रकाना अठरा रिकामाच.