घट

तांबट लेनमधल्या आमच्या दुकानात
वजनकाट्याइतकाच जुना एक शब्द आहे: घट.
मोडीत कळशी आली की वडील
नखानं बूड खरवडत, कानाला लावून वाजवत,
म्हणत, "शेकडा पाच घट धरू, वहिनी."
वहिनी म्हणत, "तीन धरा."
चारावर मिटायचं. मग चहा.

काल डॉक्टर काबरांनी बंब घेतला.
पाणी तापवायला नाही, दिवाणखान्यात ठेवायला,
वर निशिगंध खोचणार म्हणे.
बारा हजार चारशे.
कार्ड खुपसलं, पिन दाबला,
मशीननं पावतीची जीभ बाहेर काढली.
आज खात्यात
बारा हजार एकशे छत्तीस रुपये बासष्ट पैसे.

बासष्ट पैसे!
गल्ल्यातून पैसा हद्दपार होऊन किती वर्षं झाली,
बँकेला तो अजून मोजता येतो.

हिशोब बघणारी बेदमुथांची पोर
रद्दीच्या कागदावर मांडून दाखवते:
एक पूर्णांक आठ टक्के, दोनशे तेवीस वीस.
त्याच्यावर अठरा टक्के जीएसटी, चाळीस अठरा.
म्हणजे घटीलाही घट?
"आणि तुम्ही कंपोझिशनमध्ये, काका,
ते चाळीस परतही मागता यायचे नाहीत.
मशीनचं भाडं वेगळं. साडेतीनशे.
पडून राहिलं तरी."

वरून दोन टक्के लावून पाहिले होते एकदा.
गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं,
आणि जाताना आमच्याच पायरीवर चपला झटकून गेलं.

एकानं सात हजारांची समई नेली,
महिन्यानं बँकेला कळवलं, मी नेलीच नाही.
बँकेनं पुरावा मागितला.
मी खोक्यातून पावती काढली तर कागद कोरा,
शाई उन्हाळ्यातच उडून गेलेली.
समई गेली, सात हजार गेले, वर दंड.
एकोणसत्तरच्या पुरात भिजलेली वडिलांची वही
आजही वाचता येते. गोदेचा गाळ तेवढा
शिवणीत अडकून आहे.

डॉक्टर वाईट नाहीत. जाताना आनंदानं म्हणाले,
"पॉइंट साठले की दिल्लीचं तिकीट फुकट!"
फुकट हा शब्द मी तेव्हापासून
उलटासुलटा करून पाहतोय.
ओझरहून विमान उडालं की मान वर जाते.
पंखबिंख नाही,
पण एखादा स्क्रू आपला असावा त्यात.

दुपारी सिडकोतून एक बाई आली,
पितळी परात मोडायला.
"घट चार टक्के," मी म्हटलं.
"का?" तिनं विचारलं.
चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं,
भाव केला होता सगळ्यांनी.
मी परात उलटी केली. बुडाची काजळी,
आतली जुनी कल्हई, कडेचा चिकट मळ
सुरीनं खरवडला, काट्यावर ठेवला.
भरला अडीच टक्के. गप्प बसलो.
अडीचच धरली.
खरवड कागदात बांधून तिला दिली:
घ्या, हे तुमचं.
ती पुडी बाई पर्समध्ये ठेवून गेली. काय करणार तिचं, देव जाणे.

संध्याकाळी बँकेचा निकुंभ आला,
मशीनचा रोल संपलाय का बघायला.
म्हटलं, "निकुंभ, माझी पुडी?"
"कसली पुडी, काका?"
पोरगा खरंच गोंधळला.
खिशातून त्यानं दोन नवे रोल काढले,
काउंटरवर ठेवले,
आणि म्हणाला, "हे मात्र फ्री आहेत."