हात क्रमांक चार

गुरुवारी तीनच्या बसने मुली गेल्या
की लॅबमध्ये मी, एसी,
आणि टेबलावर हा. उजवा. कोपरापासून सुटा.
या आठवड्यात एकशे बारा वेळा टोचलेला,
त्यातल्या नव्वद तरी एकाच जागी.

सिस्टर लिसियम्मा म्हणतात,
त्या शीर शोधतच नाहीत, भोक शोधतात.
आधीचीने जिथे घातली तिथेच पुढचीची सुई.
असा हात खोटं शिकवतो.
तेव्हा बुजव,
पण बुजवल्याचं दिसता कामा नये.

महाडला अब्बांच्या दुकानात ठिगळ दिसायचंच.
ट्यूब घमेल्यात, बुडबुडे येतील तिथे बोट,
पॉलिश पेपर, सोल्यूशन, फुंकर, हातोडीचे दोन ठोके.
ठिगळं मोजून गिऱ्हाइकाला सांगायचे,
आठ झाली चाचा, आता नवी घ्या.
सोहारलाही घमेलं आहे. बुडबुडे तसेच.
फक्त मागोमाग लाल पाणी येतं, शाईचं.

सिलिकोनला सिलिकोनशिवाय काही चिकटत नाही.
आणि लॅटेक्सचे मोजे लागले तर रुसतं,
दुसऱ्या दिवशी बघावं तर ओलं ते ओलंच.
पहिल्या वर्षी तीन हात असे घालवले
आणि कुणाला बोललो नाही.

रंगाच्या डबीवर कंपनीने लिहिलंय, ‘त्वचा’.
ती इथे कुणाचीच नाही.
तपकिरी दोन थेंब, पिवळा एक,
लाल नुसता काडीच्या टोकाला,
मग शेजारी मनगट ठेवून बघत बसायचं.
माझंच. साडेतीनला दुसरं कुणाचं असणार?

मागे एकदा रय्या बस चुकवून थांबली होती.
चार वेळा टोचलं, रक्त नाही.
दर वेळी हाताला म्हणाली, आसिफा.
मग मला विचारलं, खरी शीर कशी लागते?
तिने मोजा चढवला, मी बाही वर केली.
दोन बोटांनी दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.
उसळते, म्हणाली.
सुट्टीवरून येऊन मला तेव्हा
अकरा महिने झाले होते.

लेप बसला. वर थोडी पावडर, चमक मारायला.
आता चिठ्ठी:
रविवारपर्यंत हात लावू नये.
अरबीत लिहितो, इंग्रजीत लिहितो.
मराठीत कोणासाठी,
ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे.