खडूची ओली खूण

पोलादी फितीच्या टोकाला दीड मीटर
निळा खडू घासायचा,
मग फीत खाली सोडायची, काठाला न लागू देता.
वर ओढली की खडू जिथवर गडद झालाय
तिथे पाणी.
पहिल्या सत्रातली ही सगळ्यात जुनी पद्धत,
मला अजून तीच खात्रीची वाटते.
तिला बॅटरी लागत नाही.

शिवोलीत माझ्या तेवीस विहिरी.
माझ्या म्हणजे प्रबंधापुरत्या.
सतरा क्रमांकाची एस्पेरान्साबाईची,
घरामागे, बिमलीच्या झाडाखाली,
काठाच्या जांभ्यात दोराने कोरलेल्या अकरा खाचा.
मी त्या मोजल्या.
नोंदवहीत त्यांना रकाना नाही.

"पयलीं च्या घे, बाय," ती म्हणते.
विहिरीलाही ती बांय म्हणते.
मधे फक्त एक अनुस्वार,
थेंबाएवढा.
घाईत बोलली की मला कळत नाही
कुणाची तब्येत विचारतेय.

आफोन्सो सरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
समुद्रसपाटीच्या वर हातभर गोडं पाणी असेल
तर त्याच्या भाराने
खारं पाणी चाळीस हात खाली दबून राहतं.
वरचा तो एक हात उपसा,
खालून चाळीस हात खारं चढेल.
एका ओळीचं समीकरण. परीक्षेत पाच गुण.
मला पाचही मिळाले होते.

"पेजेत मी आता चिमूटभर कमी घालते,"
एस्पेरान्साबाई म्हणाली, "दोन वर्सां जालीं."
माझ्या मीटरने ते यंदा सांगितलं,
चार आकड्यांत.

फेब्रुवारीत मी सतराव्या विहिरीत सेन्सर सोडला.
दर पंधरा मिनिटांनी एक नोंद.
आलेखात शापोऱ्याची भरती दिसली,
दिवसातून दोनदा, पुसट,
झोपलेल्याच्या छातीसारखी.
आणि रोज दहा ते एक
एक खोल खाच.
रोज. फक्त गुरुवारी नाही.
मी चंद्र पाहिला, पंचांग पाहिलं,
सेन्सर बिघडला असं दोन आठवडे मानलं.
शेवटी तिलाच विचारलं.
"ब्रेस्तारा तांची मशीन बंद,"
ती रस्त्यापलीकडे हनुवटी करून म्हणाली.
हॉटेलच्या चादरी.
इतर दिवशी स्वयंपाकघराची फरशी
तिच्या तळव्यांखाली घुमते.
ती हंडे गुरुवारीच भरते.

ताळगावच्या पठारावर, प्रयोगशाळेत,
सर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"सतरा वक्रावर बसत नाही. काढून टाक.
बावीसही पुरतात."

वक्र म्हणतो: जलधर अमर्याद आहे असं समजा.
सगळीकडे सारखा आहे असं समजा.
माझ्या टेबलावर जांभ्याचा तुकडा आहे,
एका भोकात करंगळी जाते, दुसऱ्यात मुंगी,
तिसरं मध्येच बंद.
मी काही समजले नाही.
म्हणजे समजून घेतलं, पण समजा म्हटलं नाही.
सतरा ठेवली.
सर चिडले नाहीत, फक्त म्हणाले,
"मग हॉटेलच्या बोअरची पातळी आण."
मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा वॉचमनने
मला नारळपाणी दिलं, आणि फाटक लावलं.

काल निळा खडू संपला.
तिच्या नातवाच्या दप्तरातून पांढरा घेतला.
पांढऱ्यावर ओल धड दिसत नाही.
फीत उन्हाकडे तिरकी धरून
आम्ही दोघी वाकलो, डोक्याला डोकं लागलं,
तिच्या केसांना खोबरेल आणि चुलीचा वास.
"हांगा," ती म्हणाली, आणि नख टेकवलं.
मला तिथे काहीच दिसत नव्हतं.
मग दिसलं.

सहा पूर्णांक बेचाळीस.
मी लिहून घेतलं.
ती हंड्याकडे वळली, आज बुधवार म्हणून
रिकामाच उचलून
सावलीत ठेवला.