डावा सायलेन्सर

तो एकदम नाही तुटला.
तीन हिवाळे सारेमा बेटावरच्या रस्त्यांनी मीठ खाल्लं,
आणि हा आतल्या आत, कुणाला न सांगता,
पापुद्रा पापुद्रा होत गेला.
मार्चात, चर्चच्या वळणावर, खाली लोंबला;
ठिणग्या उडवत, फरफटत घरापर्यंत आला.
मी तारेनं बांधला. माशांचा डबा कापून वर गुंडाळला.
दोन महिने तसाच.

पहाटे पावणेचारला माझी जावा
साऱ्या गल्लीला सांगत निघायची
की बेकरीतली बाई पीठ मळायला निघाली.
पलीकडची लेइदा दिसली की काही बोलायची नाही,
नुसती कानाला हात लावायची.

रविवारी लाकडांच्या शेडमध्ये बसले.
सिलिंडरच्या तोंडाशी दातेरी कडं.
हलेना.
रॉकेल पाजलं. नाही.
बर्चचा ठोकळा लावून हातोडी. नाही.
एक शिवी हासडली, आईची ठेवणीतली. नाही.
भावाला फोन केला. ऐवार जहाजावर,
त्याच्यामागे इंजिनाची घरघर:
"तापव. आणि मेणबत्ती टेकव आट्यांना.
मेण आपली वाट आपण काढतं.
आणि घाई करू नकोस."
घाई! दहाला सुरू केलेलं, साडेपाच झाले होते.

नाताळातली उरलेली लाल मेणबत्ती.
मेण आत ओढलं गेलं,
शेडभर सणाचा वास.
मग पुन्हा पाना, पुन्हा दातओठ खाऊन
कर्र.
केसभर.
बोटांची सालटी निघाली, पण कडं फिरलं.

आतला तांब्याचा वायसर काळाठिक्कर, ताठ.
नवा तालिनहून यायला आठवडा.
म्हणून तोच चुलीत लाल केला, पाण्यात टाकला.
लोखंडाला असं केलं तर ते कडक होतं;
तांबं मऊ पडतं.
हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं,
आणि उगाच दोन-तीन माणसं आठवली.

नव्या सायलेन्सरचं भोक अर्ध्या बोटानं चुकलेलं.
कानस. एक तास.
जुना फेकण्याआधी कानाशी हलवून पाहिला:
खुळखुळा.

किक. किक. तिसरीला धरली,
तर मला वाटलं, बंदच पडली.

सोमवारी पहाटे कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.
दुपारी परतले तो लेइदा कुंपणाशी,
केस न विंचरलेले, एका पायात मोजा.
"आज कामाला गेली नाहीस?
माझी गोळी चुकली.
कोंबड्या आठपर्यंत कोंडलेल्या!"

गेले होते, म्हटलं.

ती सायलेन्सरकडे बघत राहिली.
मग वाकून त्याला नखानं टिचकी मारली.
"उजवा अजून जुनाच ना?"

जुनाच. तोही कुजलाय, पडेल कधीतरी.

"पडू दे," ती म्हणाली,
"पण बदलायची घाई करू नकोस."