एकेचाळीस पावलं

पूर्वेच्या खोलीपासून पश्चिमेच्या खोलीपर्यंत
एकेचाळीस पावलं होतात.
घाईत अडतीस.
घाई करू नये, असं मला बजावलेलं आहे.

मी खल्फान. मस्कतमधल्या या बंगल्यात
कागद नेतो आणि कागद आणतो.
दोन्ही खोल्यांतली माणसं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत,
तसं त्यांनी आपापल्या देशात जाहीर केलंय.
म्हणून एकाच किटलीतला कहवा
मी दोन तबकांत मांडतो,
खजूरही सारखेच, मोजून,
न जाणो, कुणी मोजले तर.

काल रात्री टीव्हीवर एक सिनेटर होता.
मैदान फुललेलं, हातोहाती झेंडे.
‘त्यांचं नाव नकाशावरून खरवडून काढू’ म्हणाला,
आणि मागच्या नकाशावर त्याने बोट ठेवलं
ते भलत्याच समुद्रावर.
उचलली जीभ, लावली टाळ्याला,
आणि मग टाळ्याच टाळ्या.
तासाभरात पलीकडच्या किनाऱ्याहून उत्तर:
एक सेनापती, पाठीमागे क्षेपणास्त्र,
त्यावर पांढऱ्या रंगात शिवी. रंग अजून ओघळत होता.
त्यालाही टाळ्या.
डोळे मिटले तर कुठल्या कुणाच्या, सांगता येऊ नये.

सकाळी पूर्वेच्या खोलीतून कागद आला
तो कोरा.
‘हाच नेऊ?’ मी विचारलं.
दबीरीसाहेब म्हणाले, ‘न्या.
आज एवढंच लिहायची मुभा आहे.’
एकेचाळीस पावलं मी तो कोरा कागद नेला,
दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेल्या ताटासारखा.

लिंडक्विस्टबाईंनी तो उजेडात धरला.
उलटा केला. बराच वेळ
पेनाच्या टोपणाची उघडझाप करत बसल्या.
फोन वाजत होता, उचलला नाही.
शेवटी खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
‘कालचं भाषण या खोलीतलं नव्हतं.’

हे वाक्य बाहेर फुटलं की बाईंची नोकरी गेली.
मला ते कळलं होतं,
आणि मला कळलंय हे त्यांना.

बोळात एक खिडकी आहे, समुद्राकडची.
मी कधी थांबत नाही, आज थांबलो.
माझा जावई मुसल्लम खसबला टगबोटीवर असतो,
त्याच चिंचोळ्या सामुद्रधुनीत,
जिच्याबद्दल एक म्हणतो ‘बंद करू’, दुसरा ‘फोडून उघडू’,
जणू बरणीचं झाकण.
मुसल्लम तिला ‘आमची गल्ली’ म्हणतो.
मुलीने काल फोनवर विचारलं, ‘बाबा, काही कानावर आलं?’
म्हटलं, ‘मी नुसता चालतो गं.’

दबीरींनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
त्यांच्याबरोबरचा तरुण फोन सरसावून वाकला,
तेवढ्यात त्यांनी आपला कहव्याचा पेला
नेमका त्या ओळीवर ठेवला.
जरा जोरातच.
कहवा हिंदकळला, शाई पसरली,
आणि कोपऱ्यात एक पिवळट वर्तुळ उरलं,
ज्याचा कुणालाही काही अर्थ लावता येणार नाही.
‘म्हातारा झालो,’ ते तरुणाला म्हणाले.

आमच्याकडे पुरे झालं की पेला मनगटातून हलवतात.
ते बारा दिवसांत शिकलेत हे.
मी किटली घेऊन समोर उभा राहिलो.
पेला त्यांनी पुढे केला,
हलवला नाही.

डागाळलेला कागद मी परत नेला.
बाईंनी वर्तुळ पाहिलं आणि
पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

रात्री टीव्हीवर पुन्हा तेच मैदान, तोच सेनापती.
मी आवाज बंद केला.
आवाज नसला की ते दोघेही
घास अडकलेल्या माणसासारखे दिसतात,
पाठीवर कुणीतरी थाप मारावी असे.

तह वगैरे झाला का, ते मला विचारू नका.
उद्या नऊला पुन्हा कागद.
त्याआधी चपलेचा अंगठा तेवढा
शिवून घ्यायला हवा.