पाव टक्का

मडगावात, बाजारामागच्या गल्लीत,
पहिल्या मजल्यावर आमचं काउंटर.
काचेला दोन भोकं, एक आवाजासाठी, एक पैशांसाठी.
आवाजाचं लहान आहे.

महिन्याच्या सहा-सात तारखेला अर्मिंदाबाय येतात
कुडतरीहून, साडेनवाच्या बसने.
ओळखपत्राची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवीवर बंद पडलेल्या एका कापडदुकानाचं नाव.
मुलगा एल्विनो बारेइरोत असतो, लिस्बनसमोर, नदीपलीकडे.
मासळीच्या गोदामात रात्रपाळी,
पहाटेच्या बोटीने घरी.
"आमच्या रायबंदरासारखीच बोट," बाय सांगतात,
"फक्त थंडी जास्त."
त्या तिथे कधी गेलेल्या नाहीत.

दोन वर्षांमागे मी त्यांना तीनशे युरोंचे रुपये मोजून द्यायचे.
मग दोनशे साठ झाले.
मग एकदम एकशे ऐंशी, आणि फोनवर एक लांब निरोप,
तो त्यांनी भोकातून आत सरकवला: "चष्मा विसरल्ये. तूं वाच."

ममा, इथे वीज महागली, तेल महागलं,
बटाटेसुद्धा हात लावू देत नाहीत.
आणि वर बँकेने व्याज वाढवलं.
आधी पाऊण, मग अर्धा, आता पाव टक्का.
घराचा हप्ता दर सहा महिन्यांनी नवा येतो,
नवा म्हणजे मोठा.

"कसलो पाव, बाय?" त्यांनी विचारलं.

हसू आलं मला. त्यांना नाही.
मी बी.कॉम. आहे, समजावू लागले:
भाव चढले की मोठी बँक व्याज चढवते.
कर्ज महाग झालं की लोक हात आखडता घेतात.
गिऱ्हाईक कमी, मग भाव उतरतात.
जर्मनीत एक उंच इमारत आहे, तिथे बसून ठरवतात,
पोर्तुगालचंही, आणखी कितीतरी देशांचंही.

त्या बराच वेळ माझ्या स्टेपलरकडे बघत राहिल्या.
"म्हणजे महागाईक औशद, आनीक महागाई?"
मग, जरा थांबून,
"आनी लोक म्हळ्यार कोण? हांवच न्ही?"

मागे रांगेत कुणी खोकलं.
मी शिक्का मारला.

खरं तर त्यांनी हात केव्हाच आखडला होता.
पोदेर रुझार सायकल घेऊन दारात येतो,
रोज सहा घ्यायच्या, आता तीन.
संध्याकाळची फेरी आली की दिवा लावत नाहीत,
भोंपू वाजवून वाजवून तो पुढे जातो.
त्यानेही चाराचा पाव पाचाला केला,
मैदा वाढला, लाकूड वाढलं, भट्टीवरचा पोरगा गावी गेला.
चारावर एक.
मी कॅल्क्युलेटर न घेता हिशेब केला:
पाव, पावाने वाढला.
त्या उंच इमारतीत इतकं एकदम वाढवायची
कुणाची छाती नाही.

तिथल्या कुठल्याही तक्त्यात
कुडतरीचे हे तीन न घेतलेले पाव दिसणार नाहीत,
पण धोरण लागू पडलं आहे.
इतक्या लांबून, समुद्रावरून,
एका म्हातारीच्या न्याहारीपर्यंत
न चुकता पोचलं.

या महिन्यात दोनशे आले. वीस जास्त.
पेपरात होतं, यंदा व्याज आहे तिथेच ठेवलंय.
मी आनंदाने सांगितलं.
"उणें जालें?"
"नाही हो. वाढायचं थांबलं."
"ताप चडपाचो रावलो," त्या म्हणाल्या, "देंवूंक ना अजून."

सही करताना त्यांचं 'अ' नेहमी रेघेबाहेर जातं.
नोटा दोनदा मोजल्या, एकदा थुंकी लावून,
एकदा कोरड्या बोटाने.
वीस रुपयांची एक वेगळी काढून मुठीत धरली,
बाकीच्या पिशवीत.
"मिस्तासाठी?" मी विचारलं, मेणबत्तीचं मनात धरून.

"न्ही गो," त्या जिना उतरता उतरता म्हणाल्या,
"रुझाराचे वीस दिवंक आसात. फाटल्या म्हयन्याचे."