डोकी मोजणारा

अठ्ठावीस वर्षं मी बितोमची ट्राम चालवली.
शेवटच्या थांब्यावर आरशात बघून
उतरणारी डोकी मोजायची सवय
निवृत्तीनंतरही सुटली नाही,
म्हणून पोरं मला दारावर बसवतात.
पत्र्याचा डबा, निळा शिक्का,
मनगट पुढे, ठप्प, जा आत.

ड्रमवर असते ती हाल्श्का, माझी लेक.
घरातल्या पातेल्यांना तिचे पोचे अजून आहेत.
बँडचं नाव ‘म्याव’.
म्हणजे कोळशाची भुकटी, पोत्याच्या तळाशी उरते ती.
नुसतं ऐकलं तर मांजर.
पहिल्या पोस्टरवर कुणीतरी मिशा काढून गेलं.
दुसऱ्यावर यांनी त्या स्वतःच छापल्या.

पहिल्या रात्री सात.
त्यातली एक बोग्नाची आई, कानांत कापूस घालून,
आणि दोघं नुसतेच ट्रामची वाट बघत होते.
ग्लिवित्सेला एकोणीस.
ओपोलेला चार, आणि बारवाल्याचा कुत्रा.
त्या चौघांसाठी येरेमी घसा फाटेस्तोवर गायला.
परतताना व्हॅनचा हीटर बंद, कुणी बोलेना,
एक उकडलेलं अंडं हातोहात फिरत राहिलं
आणि शेवटी कुणीच खाल्लं नाही.
पेट्रोल डब्यातून निघतं असं त्यांना वाटतं.
डब्यातून!
माझी पेन्शन आणि मी, अळीमिळी गुपचिळी.

संगीत मला कळत नाही.
मला ते तळपायातून येतं,
रुळाचा सांधा यायचा तसं.
तिसऱ्या गाण्यात एका जागी हाल्श्का एक ठोका गाळते.
दर वेळी माझा पाय ब्रेक दाबतो.

फेब्रुवारीत दाढ काढायला निघालो होतो,
ट्रामनेच, तिकीट काढून.
समोर एक पोरगा, सोळाएक वर्षांचा,
बाहीला पीठ, उघड्या जाकिटाच्या आत
त्या मिशा.
धुऊन धुऊन तडकलेल्या.
एकतीस शर्ट विकले गेलेत, एकतीसही चेहरे मला पाठ आहेत.
हा त्यांतला नव्हता.
कुणाचा घेतला? कुणी दिला?
पोरगा गुडघ्यावर बोटं वाजवत होता,
वाजवता वाजवता एका जागी
बोट हवेतच थांबलं.

रिकाम्या फरशीवर माझा पाय दाबला गेला.

दवाखाना मागे पडला, झाब्झेची पाटीही गेली.
घरी हाल्श्कानं विचारलं, दाढ?
म्हटलं, आहे अजून.

त्या शनिवारी सोस्नोव्येत्सला बेचाळीस आले.
सामान भरताना तिनं नेहमीसारखं विचारलं, किती?
त्रेचाळीस, मी म्हणालो.
तिनं डबा दोनदा मोजला.
एकाचे पैसे कमी आहेत, म्हणाली,
बाबा, तू आता म्हातारा झालास.
असेन, म्हणालो,
आणि शिक्क्याचं झाकण लावलं.